उजव्या हातावर अन्याय

कशेडी घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला सल्ले दोन्ही बाजूंनी येतात. मुंबईकडून चाकरमानी आणतात आणि घाटापलीकडून खेडच्या आत्या. पूर्वी निदान मध्ये घाट होता. वळणावळणाचा रस्ता, पावसात धुकं, मध्येच आडवा पडलेला कंटेनर. खेडचा सल्ला पोलादपूरच्या बाजूला उतरेपर्यंत पाऊण तास जायचा आणि तेवढ्यात निम्म्या आत्यांना गाडी लागलेली असायची. २०२३च्या गणपतीच्या तोंडावर बोगद्याची एक बाजू उघडली आणि तोच प्रवास दहा मिनिटांवर आला. आता आत्या ताज्यातवान्या उतरतात. हातात पिशवी, पिशवीत डबी. उंबऱ्यातूनच पोरीच्या तोंडाकडे बघत म्हणतात, "अगो, हे काय वाढवलंस?"

हे म्हणजे लव. ओठावरची, हनुवटीखालची, मनगटापासून कोपरापर्यंतची. पोरगी सतरा-अठरा वर्षांची असते, तिला बारावीचं टेन्शन असतं, आणि आपल्या चेहऱ्यावर काही वाढतंय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. इतके दिवस ती आरशात डोळेच बघत होती.

लंडनच्या फेरिमन आणि गॅल्वे या दोन डॉक्टरांनी १९६१ साली बाईच्या अंगावरचे केस मापण्याची एक पद्धत काढली. शरीराचे भाग ठरवायचे, प्रत्येक भागाला शून्य ते चार गुण द्यायचे आणि बेरीज करायची. हल्ली नऊ भाग धरतात. छत्तीसपैकी आठ किंवा त्याहून जास्त बेरीज झाली की डॉक्टर पुढची चौकशी सुरू करतात. आमच्याकडे हे काम चहा निवायच्या आत होतं. मुलगी बघायला आलेली वरमाय पोह्यांची बशी घेताना मनगट बघते, पाण्याचा तांब्या घेताना ओठ बघते, मुलगी पाया पडायला वाकली की मान बघते. तीन भाग प्रत्यक्ष पाहणीत उरकतात, सहा अंदाजपंचे. बेरीज गाडीत बसल्यावर.

पुरुषांचं गणित निराळं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे मिशी हा इथे केसांचा प्रकार नाही, वारसा आहे. पोराला मिसरूड फुटलं की बाप चोरून कौतुकानं बघतो. त्याच घरात पोरीला त्याच्या पावपट फुटलं की आई बेसन भिजत घालते. आणि कानावरचे केस तर भाग्याचं लक्षण. आमचे चुलतसासरे, ज्यांना सगळी वाडी आप्पा म्हणते, त्यांच्या दोन्ही कानांवर झुपके आहेत. पण त्यांना आजवर एकाही आत्यानं डबी दिलेली नाही. उलट नव्या सुनेला मुद्दाम दाखवतात, "कानावर केस असलेला माणूस घरात आहे, घराला काय कमी पडायचं नाय." मदुराईचे एक निवृत्त मुख्याध्यापक अँटनी व्हिक्टर यांचे कानातले केस २००७ साली १८.१ सेंटिमीटर भरले आणि गिनीज बुकात त्यांचं नाव लागलं. एखाद्या मुख्याध्यापिकेच्या हनुवटीवर त्याच्या दशांश लांबीचा एक केस आला असता तर पुस्तकात काही लागलं नसतं, शाळेत मात्र टोपणनाव लागलं असतं.

तर डब्या. पहिला मान कणकेच्या गोळ्याचा. बाळ जन्मलं की अंगाला लावायला येणारी बाई कणकेचा किंवा बेसनाचा गोळा तेलात बुडवते आणि बाळाच्या कपाळावर, खांद्यांवर, पाठीवर फिरवते. लव गोळ्याला चिकटून येते, ती सगळ्यांना दाखवली जाते, आणि थोड्याच दिवसांत बाळ गुळगुळीत. हा उपाय कधीही फसलेला नाही. न फसण्याचं कारण असं की जन्मासोबत आलेली ती लव पहिल्या काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आपली आपणच गळते. गोळा न फिरवलेलं बाळही तितकंच गुळगुळीत होतं. अडचण एवढीच की आमच्या पंचक्रोशीत गोळा न फिरवलेलं बाळ कुणी पाहिलेलं नाही. बाळाच्या पाठीच्या डाव्या बाजूला गोळा फिरवू आणि उजवी तशीच ठेवू, असं म्हणणारी आई अजून जन्माला यायची आहे. आणि आलीच, तर तिची सासू आधीच जन्मलेली असणार.

दुसरा मान वस्तऱ्याच्या भीतीचा. "वस्तरा लावशील तर दुप्पट येईल," असं नातीला बजावणारी आजी नातवाचं जावळ काढायला मात्र उतावीळ असते. का? वस्तरा लागला की केस दाट येतात. म्हणजे ओठावर दाट येतात म्हणून वस्तरा नको आणि टाळूवर दाट येतात म्हणून वस्तरा हवा. आजीच्या मतात विसंगती नाही, हे कबूल केलं पाहिजे. चूक आहे, पण विसंगती नाही. अमेरिकेत सेंट लुइसला मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिकेनं १९२८ साली चार पुरुषांवर हे तपासलं. वस्तऱ्यामुळे केस जाडही झाले नाहीत आणि भराभर वाढलेही नाहीत. १९७० साली आणखी दोघा संशोधकांनी पाच तरुण गाठले आणि काही महिने दर आठवड्याला त्यांचा एकच पाय तासला. दुसरा पाय होता तसा ठेवला. शेवटी दोन्ही पायांवरचे केस सारखेच. मग हाताला राठ का लागतं? भात कापून झालेल्या खाचरातून अनवाणी चालून बघा. उभ्या भाताचा शेंडा मऊ लागतो, धसकट टोचतं. रोप तेच.

त्या पाच तरुणांचं मला राहून राहून कौतुक वाटतं. एक पाय तुळतुळीत, एक पाय रानटी, असं काही महिने वागवायचं, हाफपँट घालायची, चारचौघांत बसायचं. त्यांना आत्या नसाव्यात.

तिसरा मान ट्यूबचा. ती मुंबईच्या जावेबरोबर गणपतीत येते. जाऊबाई म्हणतात, "बाई गं, पाच मिनिटं, पुसलं की संपलं." खरं आहे. त्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसातल्या केराटिनचे गंधकाचे सांधे सोडवतं, केसाचा लगदा होतो आणि तो पुसून निघतो. पण आपली कातडीही केराटिनचीच, म्हणून घड्याळ लावून बसायचं. आणि हे सगळं गुपचूप करायचं असेल तर मुंबईतच करावं. कारण गंधकाचे सांधे सुटले की त्यांचा वास सुटतो. आमचं घर लांबलचक, एका ओळीत सगळ्या खोल्या. मागल्या पडवीत ट्यूब उघडली की ओटीवर बसलेले पाहुणे विचारतात, "अंडी नासली वाटतं?" गणपतीच्या दिवसांत, जेव्हा घरात अंडं आणायची कुणाची छाती नाही. मग सासूबाई अख्खं स्वयंपाकघर हुंगत फिरतात, शेवटी पडवीचं दार ठोठावतात, आणि आतली पोरगी अर्ध्या ओठानं "आले, आले" म्हणते. घरात सगळ्यांना कळल्याशिवाय हे औषध काम करत नाही.

"नैसर्गिक तेच वापरावं," हा चौथा पक्ष. त्याचे पुढारी आप्पा. त्यांच्याकडे सुश्रुताचा दाखला आहे आणि तो खरा आहे. सुश्रुतानं जखमेवरच्या साठ उपायांत केस काढण्याचाही उपाय दिला आहे आणि केस आणण्याचाही, दोन्ही एकाच यादीत. काढण्यासाठी शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. तुर्कस्तानातल्या हमामखान्यांत शतकानुशतकं चाललेला लेप म्हणजे जवळपास हेच, फक्त शंखाऐवजी चुना. केसांवर शब्दशः हरताळ फासायचा. आप्पांनी इथपर्यंत सांगितलं की पोरींचे डोळे चमकतात, आणि मग मला सांगावं लागतं की हरताळ म्हणजे आर्सेनिक. तेही नैसर्गिकच असतं. जमिनीतूनच येतं.

परदेशी ते चांगलं, असं समजणाऱ्यांसाठीही माल आहे. १९३०च्या सुमाराला अमेरिकेत कोरेम्लू नावाचं क्रीम ऐटीत विकलं जात होतं. ओठाला लावा, लव जाईल. लव जायची. मग डोक्यावरचे केसही जायचे, मग पायांतलं बळ जायचं. त्यात थॅलियम होतं, जे उंदीर मारायला वापरत. खटल्यांमागून खटले झाले, कंपनी बुडाली, आणि १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कक्षेत आली त्यामागे असल्या क्रीमांचाही हात होता. विकण्याआधी ते नीट कुणावर तपासलं नव्हतं. तपासणी गिऱ्हाइकांनी केली.

आता पुतणीकडे येते. ती महाडला बीएस्सी करते. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, त्यामुळे आमच्या भागात घरटी एक माणूस 'केमिकल' म्हटलं की घाबरतो आणि घरटी एक त्याच्यावर पोट भरतो. पुतणी दोन्हींत बसत नाही. ती घाबरत नाही आणि अजून कमवतही नाही, नुसतं विचारते. या गणपतीत आत्यांच्या, जावांच्या, आप्पांच्या डब्या ओटीवर ओळीनं मांडलेल्या बघून तिनं विचारलं, "काकू, ह्यातलं चालतं कुठलं?"

मी म्हटलं, "सगळीच चालतात. विचार कुणालाही."

"कशावरून?"

"लावल्यावर केस कमी झाले म्हणतात."

"आणि न लावलेल्या जागी?"

न लावलेली जागा! आमच्या घरात एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी काढला नव्हता. औषध आणलं की ते सगळीकडे लावायचं, वर शेजारणीला द्यायचं, उरलं तर म्हशीच्या खांद्याला लावून बघायचं. न लावलेली जागा ठेवायची म्हणजे पंगतीत एकाला मुद्दाम उपाशी बसवायचं.

पुतणीनं मग आम्हाला एफ्लॉर्निथीनची गोष्ट सांगितली. ती ओटीवर सगळ्यांनी तोंड उघडं टाकून ऐकली, कारण तिच्यात मरणाऱ्या माणसाचं उठून बसणंही आहे. हे औषध आधी कॅन्सरसाठी काढलं होतं, तिथे त्यानं फारसे दिवे लावले नाहीत. मग कळलं की आफ्रिकेतल्या निद्रारोगावर ते लागू पडतं. त्सेत्से माशीनं होणारा रोग, शेवटी माणूस बेशुद्धीत जातो. या औषधानं बेशुद्ध पडलेली माणसं उठून बसू लागली, लोक त्याला पुनरुत्थानाचं औषध म्हणू लागले. पण निद्रारोग होतो गरिबांना, आणि गरिबांच्या औषधात नफा नाही. नव्वदीच्या दशकात कंपनीनं उत्पादन थांबवलं. पुढे लक्षात आलं की केस वाढायला जे विकर लागतं तेच हे औषध रोखतं. २०००मध्ये अमेरिकेत बायकांच्या चेहऱ्यावरचे केस कमी करणारं क्रीम म्हणून त्याला मान्यता मिळाली. क्रीमसाठी औषध बनतंय आणि माणसं वाचवायला नाही, यावर बराच गाजावाजा झाला. २००१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन आफ्रिकेला पुरवठा पुन्हा सुरू झाला.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गोऱ्या बायांच्या मिशांनी काळी माणसं जगली."

निद्रारोगाच्या इतिहासाचा याहून आटोपशीर सारांश मी कुठे वाचलेला नाही.

"पण त्याची तपासणी कशी केली ते ऐक आजी," पुतणी म्हणाली. पाचशेच्या वर बायका. काहींना खरं क्रीम, काहींना तसंच दिसणारं पण आत औषध नसलेलं क्रीम. कुणाला काय मिळालंय ते बाईला ठाऊक नाही, बघणाऱ्या डॉक्टरलाही नाही. चोवीस आठवडे. शेवटी खऱ्या क्रीमवाल्यांतल्या ३२ टक्के बायकांना ठळक फरक पडला. आणि नुसत्या क्रीमवाल्यांतल्या ८ टक्के बायकांनाही.

सगळे गप्प. मग खेडच्या आत्या म्हणाल्या, "ते आठ टक्क्यांवालं दे मला. स्वस्त असेल."

एफ्लॉर्निथीनमध्ये आणखी एक गोम आहे. ते केस काढत नाही, वाढ मंदावतं. काढायचे ते काढावेच लागतात. आणि लावणं थांबवलं की साधारण आठ आठवड्यांत सगळं मूळपदावर. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असं औषध. जाऊबाईंनी हिशोब मांडला. गणपतीत आणलेली ट्यूब दिवाळीपर्यंत पुरवली तर पौषात मिशी परत, तेव्हा पुढची ट्यूब शिमग्याला आणायची. मुंबईकर आणि गाव यांच्यातले संबंध टिकवणारं औषध आहे म्हणाल्या.

पुतणीनं प्रयोग हळदीवर करायचा ठरवला. हळद, बेसन, दूध. ती म्हणाली की थायलंडमधल्या संशोधकांनी हळदीच्याच कुळातल्या एका कंदाचं तेल काखेतल्या केसांवर नीट तपासलंय, २०१७मध्ये छापून आलंय, त्या तेलानं वाढ मंदावली. हळद हा शब्द ऐकल्यावर सासूबाई तिच्या बाजूच्या झाल्या. इतकी वर्षं आपण सांगतोय ते थायलंडला पटलं याचा त्यांना आनंद झाला. तो कंद आपल्या हळदीपेक्षा वेगळा, हे पुतणीनं तीनदा सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही.

योजना साधी. वाडीतल्या तयार असतील त्या बायका. आठवड्यातून दोनदा एका हाताला हळदीचा लेप, दुसऱ्या हाताला हळद नसलेला, खायच्या पिवळ्या रंगाचा. कुठल्या हाताला काय, ते नाणेफेकीनं. एका शेजारच्या मुलीला तिनं पहिल्याच दिवशी प्रयोगातून काढलं. तिच्या हनुवटीवर एकाएकी राठ केस आले होते आणि पाळीही महिनोन्महिने चुकत होती. "हिला लेप नको, डॉक्टर पाहिजे," म्हणाली आणि महाडला घेऊन गेली. पुतणीच्या सगळ्या निर्णयांत हा एकच असा होता ज्यावर सासूबाईंनी हुज्जत घातली नाही.

बाकी सगळ्यांवर घातली. सुरुवात नाण्यापासून.

"नाणं कशाला? शुभ काम उजव्या हातानं सुरू करायचं."

"आजी, सगळ्यांनी उजव्याच हाताला लावलं तर उजव्या हाताचाच फरक दिसेल. उजवा हात जास्त काम करतो, भांडी घासतो, केस झिजतात."

"मग काम करतो त्यालाच औषध द्यावं की. डाव्याला फुकटचं कशाला?"

नाणं पडलं. सासूबाईंच्या वाट्याला डाव्या हाताला हळद आली. त्या उजव्या हाताकडे असं बघत राहिल्या की जणू वाटणीत धाकट्याला विहिरीकडची जमीन मिळाली. खेडच्या आत्या बोगद्यातून खास प्रयोगासाठी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "असं कर, ह्या हाताचा रायगड जिल्हा, त्या हाताचा रत्नागिरी. मग रत्नागिरीला नाय दिलं तर काय बोलायचं नाय, सवय आहे."

लेप कुणी कुठला लावायचा हे बायकांना कळू नये म्हणून पुतणीनं दोन वाट्या सारख्याच दिसतील अशा भिजवल्या. दोन्ही पिवळ्या. खेडच्या आत्यांनी एकीत बोट बुडवलं, चाखलं आणि वाटी बाजूला सारली. "ह्यात हळद नाय." संपला प्रयोगाचा आंधळेपणा. थायलंडच्या संशोधकांसमोर ही अडचण आली नसावी, कारण काखेतलं तेल कुणी चाखत नाही. पुतणी हिरमुसून पाणी प्यायला गेली, तेवढ्यात आत्यांनी त्या हळद नसलेल्या वाटीत मीठ-मिरची घातली, कांदा चिरला आणि भजी तळली. तुलनेसाठी ठेवलेला लेप संध्याकाळी ताटात आला. चांगली झाली होती.

पुतणी चिवट. दुसऱ्या हाताला काहीच लावायचं नाही असं ठरवून तिनं प्रयोग पुढे रेटला. केस मोजायला लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एक सेंटिमीटर लांब-रुंद खिडकी कापली, ती मनगटापासून ठरावीक अंतरावर ठेवायची आणि आप्पांच्या पंचांगाच्या भिंगातून मोजायचं. मोजणारी मी. मला कुठला हात हळदीचा हे सांगितलेलं नव्हतं, पण हळद लावलेला हात आठवडाभर पिवळा असतो हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोजताना दर वेळी लाईट जायची. उजेडासाठी अंगणात बसावं तर येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "काय हरवलंय?" एकदा एसटीचा कंडक्टर खाली उतरून बघून गेला.

खरा घोटाळा वेगळाच होता, तो पुतणीला फार उशिरा कळला. लेप काढून झाला की वाटीच्या कडेला थोडा उरतो. हाताला लागलेला असतो, बोटांत असतो. बेसनाचा भाव काय, दुधाचा भाव काय. कुठली बाई ते धुऊन टाकेल? सगळ्याजणींनी, एकमेकींना न सांगता, उरलेलं दुसऱ्या हाताला चोळलं होतं. सासूबाईंनी तर आधी डाव्या हाताला अर्धं, मग उजव्याला अर्धं, असं पहिल्यापासून न्यायानं चालवलं होतं. "एकाला देऊन दुसऱ्याला उपाशी ठेवायचं माझ्या घरात झालेलं नाय," म्हणाल्या. आणि आम्ही सगळ्या सुनांनी माना डोलावल्या, कारण ते खोटं असलं तरी त्या बोलल्या त्या सुरात खरं वाटलं.

निकाल असा लागला. दोन्ही हातांवरचे केस सारखे. कुणाचे दोन्ही हातांवर थोडे कमी, कुणाचे दोन्ही हातांवर होते तसे, एकीचे दोन्ही हातांवर वाढलेले, पण तिच्या वेळी खिडकी सरकली असावी. पुतणीनं वही मिटली आणि म्हणाली, "काहीच सिद्ध झालं नाही."

वाडीनं मात्र निकाल वेगळा वाचला. दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होती की हळद इतकी जालीम, इतकी जालीम, की एका हाताला लावली तर न लावलेल्या हातालाही गुण आला. ही बातमी घाट ओलांडून खेडला पोचायला दहा मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात तिकडच्या दोन बायका विचारायला आल्या, एका हाताला लावून चालत असेल तर दुसऱ्याचं बेसन वाचेल ना?

पुतणी आता अशी जागा शोधत होती की जिथे उरलेला लेप कुणी चोळणार नाही, डावा-उजवा सारखाच असेल, केस भरपूर असतील आणि लोकांनी हसायचं कारण नसेल. तिची नजर आप्पांच्या कानांवर गेली.

आप्पांच्या कानांना शास्त्रात मान आहे. कलकत्त्याला जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या कृष्ण द्रोणमराजू यांनी १९६०मध्ये आंध्रातल्या एका घराण्याची वंशावळ मांडून दाखवली होती की कानावरचे केस बापाकडून मुलाकडे जातात, मुलीकडे नाही, म्हणजे ते वाय गुणसूत्रावर असले पाहिजेत. कित्येक वर्षं पुस्तकांतून हेच शिकवलं. २००४मध्ये दक्षिण भारतातल्या अशा केसाळ कानांच्या पुरुषांचा डीएनए तपासला, तेव्हा वाय गुणसूत्राशी काही नातं सापडलं नाही. पुतणीनं हे आप्पांना समजावून सांगितलं. आप्पा म्हणाले, "म्हणजे हे आमच्या वडिलांचं नाय?" त्यांना ते लागलं. वडिलांकडून आलेलं म्हणून जे काही त्यांच्याकडे उरलंय त्यात हे दोन झुपके आणि एक खाचर.

"आप्पा, एकाच कानाला लावू. दुसरा तसाच ठेवू."

"आणि नशीब गेलं माझं, तर?"

"एकाच कानाचं जाईल."

आप्पांनी दोन्ही कान चाचपले. बराच वेळ विचार केला. "उजव्या कानाचं नशीब शेतीचं आहे," म्हणाले, "आणि डाव्याचं पेन्शनचं. आता सांग, कुठल्याला लावशील?"

पुतणी नाणं काढणार तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "उजव्याला लाव गो. शेतीत तसंही काय उरलंय."